आमची वाटचाल : रेलिंगच्या बाहेरच्या बाजूने

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की आमचा सुरू होतो. मोटारी उतरवायच्या, पॅनेल साफ करायची, कुजलेल्या केबली बदलायच्या, आणि गव्हाणीत पहिली मोळी पडायच्या आत सगळं चालू करून द्यायचं. मी आयटीआयचा वायरमन, मेहुणा फॅब्रिकेटर. दोघांनी मिळून कोल्हापूरजवळ छोटी शेड घेतली तेव्हा मिळेल ते काम करत होतो. आज आम्हाला बोलावतात ते मुख्यतः वॉकवेवरच्या, म्हणजे यंत्रांकडे जाणाऱ्या उंचावरच्या लोखंडी वाटांवरच्या, केबलींसाठी.

हे काम आमच्याकडे आलं त्याला कारण आहे. कारखाना उभा राहतो तेव्हा मोठ्या केबलींचे ट्रे नीट आखलेले असतात. पुढे वॉकवेच्या टोकाला एक दिवा वाढतो, एखादा लिमिट स्विच, एखादा लेव्हल सेन्सर. ट्रे तिथवर पोचत नाही. रेलिंग मात्र पोचतं. मग कुणीतरी केबल वरच्या पाइपाला गुंडाळतो, बाइंडिंग वायरने आवळतो आणि निघून जातो. वॉकवे दिवसभर थरथरत असतो. तार हळूहळू आवरणात रुतते, आणि ज्या पाइपाला धरून रात्रपाळीचा माणूस ओल्या हाताने चालतो त्यातच करंट उतरण्याची वेळ येते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३२ मध्ये जिने, वाटा अडथळ्याविना मोकळ्या ठेवा आणि गरज असेल तिथे भक्कम हँडरेल द्या, असं लिहिलेलं होतं. रेलिंग माणसाच्या हातासाठी आहे. केबलला त्यावर जागा द्यायची तर हाताची जागा सोडून, एवढ्या एकाच गोष्टीवर आमची सगळी पद्धत उभी आहे.

वरचा पाइप आम्ही मोकळाच ठेवतो. केबल किंवा कंड्युट (केबल आत घालायची नळी) जातं रेलिंगच्या बाहेरच्या बाजूने, मधल्या पाइपाच्या पातळीला किंवा त्याखाली. निर्यात करणाऱ्या एका फाउंड्रीचं काम करताना अमेरिकेच्या ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा संस्थेचा, नियम पाहिला. हँडरेल आणि शेजारची वस्तू यांत किमान ५७ मिमी मोकळी जागा हवी, म्हणजे बोटं पूर्ण वळतात. तेव्हापासून ते माप आम्ही सगळीकडे धरतो.

पहिल्या कामांत मी ड्रिल काढलं की मेहुणा अडवायचा. "दाजी, भोक पाडलं की पाणी आत जाणार. पाइप आतनं सडतोय, वरनं रंग चकचकीत." वेल्डिंगलाही तो तयार नसे, आणि तो स्वतः वेल्डर! गॅल्वनाइज्ड पाइपावर वेल्डिंग केलं की जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून त्याने दोन अर्ध्या पट्ट्यांचा, बोल्टने आवळायचा क्लॅम्प बनवला. त्याला सी-चॅनलचा छोटा तुकडा आणि त्यावर सॅडल, म्हणजे केबल धरून ठेवणारी पकड. उद्या केबल काढली तरी रेलिंग होतं तसंच राहतं. सॅडलमधलं अंतर एक मीटरच्या आत, आणि जंक्शन बॉक्सजवळ ३० सेंटिमीटरवर एक.

वजनाबाबत आम्ही हट्टी आहोत. दिव्याची, कंट्रोलची, सेन्सरची केबल असेल तर ठीक. मोठ्या मोटारीची पॉवर केबल रेलिंगवरून न्यायची नाही, तिला वेगळा आधार हवा. एका ठिकाणी ट्रेचा खर्च वाचवायला असंच करा म्हणाले, आम्ही नाही म्हटलं आणि काम दुसऱ्याकडे गेलं. तो ऑफ-सीझन अवघड गेला.

अर्थिंगचंही तसंच. रेलिंग लोखंडाचं आहे, म्हणजे आपोआप अर्थ झालं, असं अनेकांना वाटतं. पण बोल्टच्या सांध्यात रंग असतो, गंज असतो. प्रत्येक तुटक भागाला आम्ही जंपर (जोडतार) देऊन मुख्य अर्थिंगला जोडतो आणि मीटर लावून बघतो. रेलिंगचा काढता भाग किंवा साखळीचं दार असेल तिथून केबल नेतच नाही, वळसा घालतो. पोलाद तापलं की दर मीटरला दर अंशामागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. ३० मीटरच्या उघड्या वॉकवेवर ४० अंशांच्या फरकाला ते १४ मिमीच्या वर जातं. म्हणून वॉकवेच्या जोडावर फ्लेक्सिबल कंड्युटचा ढिला तुकडा लागतोच.

सर्वात जास्त शिकवलं सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांनी. क्लॅरिफायरच्या, म्हणजे पाण्यातला गाळ खाली बसवणाऱ्या, गोल टाकीवर काठापासून मध्यापर्यंत एक पूल असतो आणि मधल्या ड्राइव्हच्या मोटारीपर्यंत जायला तेवढीच वाट. मोटार लहान, केबल हलकी, म्हणून इथे रेलिंगच्या बाजूनेच जावं लागतं. पण हायड्रोजन सल्फाइडमुळे साधं जीआय (गॅल्वनाइज्ड लोखंड) टिकत नाही, नायलॉनचे पांढरे टाय उन्हात तडकून पडतात. आता तिथे आम्ही ३१६ स्टेनलेसचे क्लॅम्प आणि आत रबराची पट्टी वापरतो.

या वर्षीपासून हे क्लॅम्प आम्ही इतर ठेकेदारांनाही देतो. मागवताना पाइपाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून कळवा. ४० एनबी (नॉमिनल बोअर, पाइपाचं नावापुरतं आतलं माप) म्हटलं तरी पाइप बाहेरून ४८.३ मिमी भरतो आणि ३२ एनबी ४२.४, आणि जुन्या रेलिंगवर रंगाचे थर असतात ते वेगळेच.