दोन काट्यांची एकच थाप

आमच्या वडिलांची ॲम्बेसेडर 1984 सालची. इंदुरात रामबागेतल्या आमच्या गल्लीत ती निम्मा रस्ता अडवून उभी असते. गेल्या उन्हाळ्यात तिच्या टेंपरेचरच्या काट्याने मला फार छळलं. राजवाड्यापर्यंत जाऊन यावं, तर काटा एचच्या, म्हणजे 'हॉट'च्या, जवळ.

मिस्त्रीने ऐकलं आणि बघायच्या आधीच निकाल दिला, "भिया, वॉल्व निकाल दो, टंटा ही खतम." वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आपल्याकडे जुन्या गाड्यांवर हा उपाय सर्रास होतो. काढला. रेडिएटरही साफ करून घेतला. काटा थोडा उतरला, आम्ही खूश.

मग आईला घेऊन ओंकारेश्वरला गेलो. येताना भेरूघाट चढता चढता काटा थेट एचला टेकला. गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं, तर वाफ नाही, खदखद नाही, ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंबही नाही. रेडिएटरचं झाकण अर्थातच उघडलं नाही. झाकणामुळे आत दाब असतो, म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल केलं की एकदम उसळून अंगावर येतं. अर्धा तास थांबलो. आई म्हणाली, "अरे, तापली असती तर वास तरी आला असता." मी लक्ष दिलं नाही.

सिमरोल ओलांडलं आणि गाडी गचके देत बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. मीटरवर मात्र टाकी पाव भरलेली! महिनाभर मी ज्याला त्याला सांगत होतो की म्हातारी काय ॲव्हरेज देते.

एका स्कूटरवाल्याने पंपावर नेऊन आणलं. तोवर रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या डोक्यात आलं, की दोन्ही काटे एकाच बाजूला खोटं बोलताहेत. जास्तीच दाखवताहेत.

घरी आल्यावर आधी सेंडरची, म्हणजे पाण्याचं तापमान मीटरला कळवणाऱ्या इंजिनवरच्या पुर्ज्याची, वायर काढून पाहिली: काटा सीच्या, म्हणजे 'कोल्ड'च्या, खाली. तीच वायर क्षणभर इंजिनच्या लोखंडाला टेकवली: काटा एचकडे सरकू लागला. म्हणजे वायर आणि मीटर जिवंत. सेंडरचं काम सोपं असतं. पाणी तापलं की त्याचा रोध कमी होतो, करंट वाढतो. तो करंट मीटरमधली दोन धातूंची पट्टी तापवतो आणि ती वाकली की काटा सरकतो. म्हणून किल्ली फिरवल्यावर हे काटे झटकन उडत नाहीत, आरामात उठतात.

पण बॅटरी कधी साडेबारा व्होल्ट देते, इंजिन चालू असताना चौदा. तेवढ्यावर काटे नाचू नयेत म्हणून डॅशबोर्डच्या मागे एक लहानशी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. ती सतत चालू-बंद होत सरासरी दहा व्होल्ट पुढे पाठवते, आणि टेंपरेचर नि पेट्रोल दोघांनाही तिचाच पुरवठा. डबीच्या आउटपुटला मल्टीमीटर लावला, तर आकडा वरखाली व्हायला हवा होता. तो बॅटरीच्या आकड्यावर गप्प बसला होता. डबीला अर्थिंग मिळतं ते तिच्या स्क्रूतून, आणि स्क्रूखाली गंजाचा थर. अर्थिंग नाही म्हणजे डबीतली तशीच पट्टी तापत नाही, चालू-बंद होत नाही, सगळे व्होल्ट सरळ काट्यांकडे. पॉलिश पेपरने घासायला दहा मिनिटं लागली. त्याआधी मात्र पाठ मोडून डॅशबोर्डखाली उताणं पडायला दीड तास.

आता उलटीच गंमत झाली. काटा सी सोडायलाच तयार नाही. वॉल्वच नाही, तर इंजिन तापणार कसं? थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं ते वेगळंच. 82 अंशांचा नवा थर्मोस्टॅट आणला. बसवण्याआधी दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला, शेजारी स्वयंपाकघरातला थर्मामीटर. ऐंशीच्या पुढे तो हळूच उघडला. आई म्हणाली, "त्या पातेल्यात आता दूध तापवायचं नाही."

टेंपरेचरचा काटा हल्ली निम्म्याच्या जरा खाली असतो, घाटात थोडा चढतो, सपाटीला परत येतो. पेट्रोलचा मात्र बघवत नाही. पंपावरून घरी येईपर्यंत सरकलेला दिसतो.