आमची वाटचाल: दर्यापूरचं पुस्तकाचं दुकान

वडिलांनी १९८६ साली दर्यापुरात दुकान टाकलं तेव्हा ते पुस्तकांचं नव्हतंच म्हणा ना. वह्या, दस्ते, कंपास, पंचांग, पोथ्या आणि जून लागला की पाठ्यपुस्तकं. कथा-कादंबऱ्यांना एकच फळी, तीही गल्ल्याच्या मागं. मागेल त्यालाच दिसायची. माल अमरावतीहून एसटीच्या टपावर यायचा.

मोठ्या साखळी दुकानांनी तुमचं कंबरडं मोडलं असेल, असं पुण्यामुंबईचे पाहुणे हमखास म्हणतात. पण पहिला फटका तिकडून बसलाच नाही. सरकारी नि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं मोफत मिळू लागली आणि आमचा जून बसला. कास्तकाराच्या लेकराला पुस्तक फुकट मिळतं, यावर कुरकुर कोण करणार? पण दुकान चालवायचं तर मागची फळी पुढं आणावी लागली. गावोगावी अभ्यासिका निघाल्या तशी पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची पुस्तकं वाढली. आज घर चालतं ते त्यांच्यावर. ग्रामगीता आणि गजानन महाराजांची पोथी तर बारमाही.

पुस्तकावर किती सूट द्यायची, हे भांडण त्यानंतरचं. हिशेब सरळ आहे. ३०० रुपयांच्या पुस्तकावर प्रकाशकानं आम्हाला ३० टक्के दिले, तर ते २१० ला पडतं. वर ट्रान्सपोर्ट, हमाली, भाडं, वीज. मोबाइलवर तेच पुस्तक कधी कधी २१० लाच दिसतं. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, हे गिऱ्हाइकाच्या फायद्याचं. पण विक्रीवर करच नसल्यानं ट्रान्सपोर्टवर भरलेला कर आम्हाला त्यातून वळता करता येत नाही. फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्यानं नव्या पुस्तकावर साधारण ५ टक्क्यांच्या वर सूट देता येत नाही. आपल्याकडं छापील किंमत म्हणजे फक्त वरची हद्द. खाली किती उतरायचं, हे ज्याच्या गाठीला पैसा तो ठरवतो.

“काऊन भाऊ, मोबाइलवर तीस टक्के कमी भेटते, तुमी दहाच काऊन देता?” येवदा गावच्या एका पोट्ट्यानं असंच विचारलं होतं. त्यानं ऑनलाइन मागवलं आणि पार्सल आलं आमच्याच दुकानात. कुरिअरवाला खेड्यात जायला तयार नसतो, म्हणून आजूबाजूच्या गावांतली पोरं आमचाच पत्ता टाकतात. पोट्ट्यानं काउंटरवरच पाकीट फाडलं. आत मागच्या वर्षीची आवृत्ती निघाली, कागद पातळ, एका पानाची शाई दुसऱ्या पानावर उमटलेली. मी काही बोललो नाही. परत कसं पाठवायचं तेवढं त्याला दाखवलं. तो आता पुस्तक घ्यायच्या आधी आवृत्ती विचारायला फोन करतो. घेतो कुठून, ते कधी आमच्याकडून, कधी तिकडून.

आम्ही देतो ती सूट बिलावर दिसत नाही. कापूस विकला की देईन, असं म्हणणाऱ्या बापाला आम्ही वही काढून उधारीत लिहून घेतो. गावच्या वाचनालयाचं अनुदान हप्त्यानं येतं, तेही वेळेवर येईलच असं नाही. तोवर त्यांचे गठ्ठे आमच्या भांडवलावर. हे कोणतं ॲप करेल? मात्र हे गोडवे फार गाऊ नयेत. उधारी बुडतेसुद्धा, आणि बुडाली की ती सूटच असते.

साखळी दुकानांशी आमचं वैर नाही. इंग्रजी कादंबऱ्या आम्ही ठेवत नाही; कुणी मागितली तर सरळ नागपूरच्या मॉलमधल्या दुकानाचं नाव सांगतो. तिथला एक कर्मचारी आपल्याच भागातला. त्यांची खरेदी मुख्य कचेरीतून होते, त्यामुळे वऱ्हाडी बोलीतले, पदरमोड करून काढलेले कवितासंग्रह त्यांच्या यादीत नसतात. गिऱ्हाइकानं विचारलं की तो आम्हाला फोन लावतो. विलायतेत वॉटरस्टोन्स ही पुस्तकदुकानांची मोठी साखळी डबघाईला आली होती. २०११ पासून तिचे नवे प्रमुख जेम्स डाँट यांनी प्रत्येक शाखेला आपला माल आपण निवडायची मोकळीक दिली आणि ती सावरली. २०१९ पासून अमेरिकेत बार्न्स अँड नोबल या साखळीतही त्यांनी तोच धडा गिरवला. वाचून मला हसू आलं. कोणत्या गावात काय खपतं हे वडील बाजाराच्या दिवशी दुकानासमोर उभं राहून ठरवायचे.

स्थानिक कवींची पुस्तकं आम्ही विक्रीनंतर पैसे, उरली तर परत, या बोलीवर ठेवतो. प्रती थोड्याच खपतात, पण कवीचे सोयरेधायरे दुकानात येतात आणि जाताना नातवाला चित्रांचं पुस्तक घेतात.

पौषात ऋणमोचन गावच्या यात्रेत पाल टाकायचं ठरलंय. पोथ्या, पंचांगं, लहान मुलांची पुस्तकं असतील. भरतीचीही नेणार आहे, कारण यात्रेला पोट्टे येतातच. सूट तिथंही दहाच टक्के.