तुम्ही विचारलंत म्हणून: बीयूटी बट, मग पीयूटी पुट का?

मी मराठी मीडियमच्या मुलांच्या इंग्लिशच्या शिकवण्या घेते, त्यामुळे पालकांचा हा प्रश्न ठरलेलाच, की पोरगं विचारतं बट तर मग पट का नाही, आम्ही काय सांगायचं? बहुतेक घरांत उत्तर एकच, "ते तसंच असतं, पाठ कर." मला हे अजिबात पटत नाही. अहो, त्याने स्वतःच्या डोक्याने नियम काढलाय म्हणून तर तो अडलाय ना!

आणि पुटला कारण आहे. जुन्या इंग्लिशमध्ये बट आणि पुट दोन्हीत 'उ'च होता, १७व्या शतकाच्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिणेकडे तो बऱ्याच शब्दांत 'अ'कडे सरकला, पण प, फ, ब नंतर काही ठिकाणी तसाच राहिला, कारण तिथे ओठांचं काम असतं. उत्तर इंग्लंडात तर आजही बरेच लोक बटला बुटच्या जवळचं काहीतरी म्हणतात.

तिसरीतल्या एका मुलीला मी यातलं काहीच सांगितलं नाही, फक्त म्हटलं पुटचे भाऊबंद शोधून आण. तिने वहीच्या मागच्या पानावर पुट, पुश, पुल, फुल, बुल असं लिहून काढलं, एकेक शब्द पुटपुटत बसली आणि एकदम ओरडली, "बाई, सगळ्यांत ओठ लागतात!" दुसऱ्या दिवशी स्वतःच मोडता घालायला हजर, "पण मग बसला बुस का नाही म्हणत?" बस हे ऑम्निबसचं शेपूट आहे, १९व्या शतकात तोडलेलं, म्हणजे 'उ' सरकून गेल्यानंतर आलेलं, असं सांगितल्यावर ऑम्निबस या शब्दावरच दोन मिनिटं हसली. बरं, बटमध्येसुद्धा ब आहेच, म्हणजे नियम पुरा नाही, तेही मी सांगून टाकते. मुलांना अपवाद चालतात हो, "उगाच" चालत नाही.

तसंच मुलं 'गो'चं पास्ट 'गोड' (जीओईडी) करतात. यावर आई-बाबा हसतात, पण इंग्लिश घरातली मुलंही हेच करतात, आधी ऐकून ऐकून वेंट बरोबर म्हणतात, मग ईडीचा नियम सापडला की गोड म्हणायला लागतात आणि पुढे कधीतरी परत वेंटवर येतात. अमेरिकेत मुलांच्या भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ साली लहान मुलांना पक्ष्यासारख्या एका प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याचं नाव 'वग', आणि विचारलं दोन असले तर? मुलं म्हणाली वग्ज. शब्दच बनवलेला, म्हणजे पाठ असायचा प्रश्नच नाही.

आपल्या मुलांच्या चुका थोड्या वेगळ्या, त्या देवनागरीतून येतात. फॅनचं स्पेलिंग पीएचने सुरू होतं कारण फ म्हणजे पीएच हे नावं लिहिताना शिकलेलं असतं, व्ही आणि डब्ल्यू दोघांना मिळून आपल्याकडे एकच व, त्यामुळे विंडो व्हीने. नाइफमधला के पूर्वी खरंच म्हणायचे हे ऐकलं की दिवसभर क्नाइफ क्नाइफ चालतं. आणि डेटमधला, म्हणजे कर्जवाल्या डेटमधला बी लॅटिनच्या कौतुकापायी पंडितांनी मागाहून घुसवला, हे कळल्यावर तर त्या पंडितांवर जाम राग!

मग पालक म्हणतात, आपल्या मराठीचं बरंय, जसं बोलतो तसं लिहितो. असं? 'सगळं जग' आणि 'पाण्याचा जग' लिहा बघू कागदावर आणि द्या मुलाला वाचायला. दोन्ही ज वेगळे, अक्षर एकच, तरी ते न अडखळता वाचेल आणि हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

परीक्षेत मात्र पीएचवाल्या फॅनला मार्क मिळत नाहीत, तेव्हा स्पेलिंग गिरवून घ्याच, फक्त आधी त्याला विचारा की तू असं का लिहिलंस.