मागचं डिझेल

रविवार, रात्री पावणेबारा

आजच्या वाफेच्या गाडीचं चढावरचं रेकॉर्डिंग आतापर्यंत सात वेळा ऐकलं. ही दोनदा दारात येऊन गेली. दुसऱ्यांदा काही बोलली नाही, नुसता दिवा मालवून गेली. टेबलावरचा दिवा लावून लिहितोय.

दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार फुत्कार टाकतं. डब्ल्यूपीचं, म्हणजे आज गाडीला होतं त्या जातीच्या वाफेच्या इंजिनाचं, मोठं चाक १७०२ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे एका फेऱ्यात साधारण ५.३ मीटर. फुत्कार मोजले की वेग निघतो. आणि फुत्कार किती जड आहे त्यावरून इंजिन खरंच ओढतंय की नुसतं फिरतंय, तेही समजतं. इतक्या वर्षांत एवढी एकच विद्या पदरात पडली आहे, आणि आज तीच नडली.

चढ लागला की आवाज जड व्हायला हवा. भक्... भक्... छातीत बसणारा. आज तो हलका झाला. कोणी रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडायचा दांडा, हळूच बंद करत न्यावा तसा. आणि त्या हलक्या आवाजाखाली एकसुरी घरघर. गाडीच्या शेपटाला लावलेलं डिझेल इंजिन.

म्हणजे चढावर आम्हाला ढकललं.

डिझेल मागे आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं. सकाळी फलाटावर मीच भाच्याला म्हणालो होतो, "ते नुसतं सोबतीला आहे रे. काही लागलं तर." मग गाडी सुटली. बंदुकीच्या गोळीसारखं ते नाक, त्यावरचा तारा, आणि पुलाच्या कठड्यापासून पार शेतापर्यंत उभी असलेली माणसं. तिवया, शिड्या, मोटारसायकलवरून पाठलाग करणारी पोरं. एक जण तर बाभळीवर चढून बसला होता. फ्रेममध्ये कोणी आलं की पन्नास जण एकदम ओरडत होते. चढावर त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खिडकीबाहेर हात काढून, गुडघ्याची पर्वा न करता.

त्या टाळ्या रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतात. डिझेलपेक्षाही स्वच्छ. लाज वाटते ती त्यांचीच.

हे वेड आपल्याकडेच आहे असंही नाही. २०१६च्या फेब्रुवारीत फ्लाइंग स्कॉट्समन हे इंग्लंडमधलं जुनं वाफेचं इंजिन दुरुस्त होऊन लंडनहून यॉर्कला निघालं, तेव्हा फोटोच्या नादात माणसं थेट रुळांवर उतरली आणि गाडी वाटेत थांबवावी लागली. १९२३चं इंजिन. तिकडेही अशा गाड्यांच्या शेपटाला बरेचदा डिझेल असतं, आणि तिकडचे आमच्यासारखे लोकही त्यावर तोंड वाकडं करतात. वाचून माहीत होतं. पण वाचणं वेगळं आणि आपल्याच टाळ्यांखाली ती घरघर सापडणं वेगळं.

कारणं काय मला कळत नाहीत? ६ डिसेंबर १९९५ला जालंधर-फिरोजपूर गाडी गेली आणि ब्रॉडगेजवरची नेहमीची वाफ संपली. (त्या दिवशी मी कुठे होतो ते लिहायला नको.) त्यानंतर पाण्याचे खांब गेले, राख पाडायचे खड्डे गेले, इंजिन फिरवायची टर्नटेबलं गेली. आता वाटेत पाणी हवं तर टँकर बोलवायचा. शेवटच्या स्टेशनावर तोंड फिरवायची सोय नाही, मग परतीला दुसऱ्या टोकाला काहीतरी हवंच. मेन लाइनवर हे धूड मध्येच बसलं तर मागच्या गाड्या ताटकळणार. आणि चढावर जुन्या बॉयलरला घामाघूम करण्यात शहाणपणा नाही. तो एकदा फुटला की नवा बाजारात मिळत नाही. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये जी काही वाफेची इंजिनं जिवंत आहेत, ती अशीच जपून जपून जिवंत आहेत. फेअरी क्वीन १८५५चं. त्याच्याकडून कोणी मेहनतीची अपेक्षा करतं का? ते चालतं याचंच कौतुक.

चालतं याचंच कौतुक. ताईसुद्धा गुरुवारी फोनवर हेच म्हणाली. मग म्हणाली, "त्याला पाठवते तुझ्याबरोबर. त्याचीही हौस होईल." कसली हौस त्याला! सबंध प्रवासात त्याने इंजिनाचा एक फोटो काढला नाही. माझी पाण्याची बाटली, माझी टोपी, माझ्या गोळ्या. "काही लागलं तर" हे शब्द मी फलाटावर कुठून उचलले तेही आत्ता कळतंय. गुरुवारच्या फोनमधले आहेत. जाऊ दे.

मघाशी पाणी प्यायला उठलो तेव्हा कर्जत आठवलं. तिथे बोर घाटाच्या तोंडाशी गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लागतात. ३७ला १चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ आहे, ढकलल्याशिवाय गाडी लोणावळ्याला पोचायची नाही. लहानपणापासून बँकर लागताना बघायला मी दारात जाऊन उभा राहतो. हातात वडा. गाडीची इज्जत गेली असं कधी मनातही आलं नाही. उलट बँकर म्हणजे शूर, असंच वाटायचं.

पण बँकर लागतो तो धक्का देऊन लागतो. सगळ्या गाडीला कळतं. चहा सांडतो. इथे आवाज न करता ढकललं आणि टाळ्या वाजवू दिल्या.

आठव्यांदा ऐकलं, या वेळी सुरुवातीपासून. चढाच्या आधी सिग्नलला गाडी थांबली होती, मी खाली उतरलो होतो, ते आधी गाळून पुढेच जात होतो. मी परत चढतानाचा आवाज आहे. माझं कण्हणं (एवढं मोठ्याने कण्हतो मी?) आणि त्याचं, "मामा, दांडी धरा. मी आहे मागे." मला आठवत होतं की मी एकटाच चढलो. ही समजूत इतकी पक्की होती की डब्यात बसल्यावर शेजारच्या गृहस्थांना मी गुडघ्याबद्दल फुशारकीही मारली होती.

मग शिट्टी. मग गाडी उचलते. इथे डिझेल नुसतं घुमतंय, जोर लावत नाही. फुत्कार मोजले. भक्. भक्. चौथ्याला चाक किंचित घसरतं आणि पुन्हा पकडतं. अकरा फुत्कार पुरे वाफेच्या इंजिनाचे एकट्याचे. बाराव्यापासून घरघर वर येते.

अकरा म्हणजे पावणेतीन फेरे. पंधरा मीटरही नाहीत.

भाच्याचा मेसेज येऊन पडलाय दहा वाजल्यापासून. "मामा, गुडघा कसा आहे? पुढची फेरी कधी असते?" गुडघा सुजलाय. लिहिलं, "बरा आहे. कळलं की सांगतो. तूही ये."

मग अजून एक पाठवला : "पण मागच्या डब्यात बस."