एम-सिंक, नऊ बल्ब आणि आजी

नाशिकला शालिमारजवळ माझं कॅमेरा रिपेअरिंगचं दुकान आहे, आता कामं कमी पण जी येतात ती जीव लावून केलेल्या कॅमेऱ्यांची येतात. मागच्या थंडीत एक मुलगा आला, कॉलेज संपवून नुकताच नोकरीला लागलेला. पिशवीतून आजोबांचा यशिका डी काढला, बल्बची जुनी फ्लॅशगन काढली आणि एक पत्र्याचा डबा उघडला. डब्यात कापसात गुंडाळलेले नऊ फ्लॅशबल्ब. अकरा होते काका, दोन वाया गेले, म्हणाला. उद्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे, तांबट लेनमधल्या वाड्यात, आणि त्याला आजीचा फोटो आजोबांच्याच कॅमेऱ्याने आणि त्यांच्याच बल्बने काढायचा होता.

वाया गेलेल्या दोन्ही बल्बच्या निगेटिव्ह बघितल्या. बल्ब लख्ख पेटला होता तरी फिल्मवर फक्त खिडकीचा उजेड, बाकी काचेसारखी कोरी. मला तिथेच शंका आली.

फ्लॅशबल्ब म्हणजे काचेत ऑक्सिजन आणि धातूचे केसासारखे तुकडे, करंट मिळाला की ते जळतात, पण जळायला वेळ लागतो. एम वर्गाचा बल्ब साधारण २० मिलिसेकंदांनी पूर्ण तेजात येतो. म्हणून शटर आणि फ्लॅशचा मेळ (सिंक) बसवायला शटरवर एम आणि एक्स असे दोन खुणांचे लिव्हर असते. एक्सवर शटरच्या पाकळ्या पूर्ण उघडल्या की फ्लॅशला करंट देणारा संपर्क होतो, हा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी. एमवर आधी संपर्क होतो, मग आतली इवलीशी दातेरी चाकं पाकळ्यांना थोडं थांबवतात, तोवर बल्ब पेटून येतो. (लिव्हर एमवर विसरून इलेक्ट्रॉनिक फ्लॅश लावला तर अख्खा रोल रिकामा येतो, कारण शटर उघडायच्या आधीच फ्लॅश होऊन जातो, हे कितीदा बघितलंय.)

कॅमेरा दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे सर्व्हिस झाला होता म्हणे, स्पीड सगळे बरोबर होते. पण एमचा उशीर कुणी तपासतच नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण बल्ब एकदाच जळतो, पुन्हा संधी नाही.

मी लॅपटॉपला वायर लावली. डाव्या चॅनलवर सिंक सॉकेटमधून एक सेल, उजव्या चॅनलवर लेन्समागे उजेड टिपणारा फोटोट्रान्झिस्टर आणि पुढून टॉर्च. शटर दाबलं की रेकॉर्डिंगमध्ये दोन टोकं उठतात, पहिलं संपर्काचं, दुसरं उजेडाचं, मधलं अंतर मोजायचं. १७ मिलिसेकंदांच्या आसपास हवं होतं. आलं ४१. परत दाबलं, ३८. परत, ४४. म्हणजे चाकांमधलं तेल वाळून गोंद झालं होतं आणि शटर उघडेपर्यंत बल्ब विझूनसुद्धा जात होता.

मुलगा म्हणाला, मग एक्सवर १/३० सेकंदाला काढूया ना, सगळा उजेड येईल. बरोबर होतं त्याचं, अडचणीत आपण तेच करतो. पण मी विचारलं, आजीची मान हलते का रे? हात हलतात म्हणाला. मग नको म्हटलं, हाताचा फराटा येईल, एमवर १/२५० लाच काढू. रात्री शटरची पुढची प्लेट काढली, ती चाकं लायटर फ्लुइडने धुतली, दोन पिव्हटवर सुईच्या टोकाने तेलाचा नुसता स्पर्श. १७, १७, १८. गनचा जुना कपॅसिटरही बदलला आणि २२.५ व्होल्टची बॅटरी सहज मिळत नाही म्हणून नऊ-नऊच्या दोन जोडल्या.

दुसऱ्या दिवशी मीही गेलो, राहवलं नाही. आजी नऊवारीत, सोप्यावर पाटावर बसलेली. बल्बमधला निळा ठिपका निळाच आहे हे बघून घेतलं, गुलाबी झाला असता तर हवा शिरलेली, तसला बल्ब फुटू शकतो. बल्बचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या उजेडाचा आकडा, अंतराने भागून लेन्सचं छिद्र एफ ११ ला लावलं. दाबलं. शटर टिक झालं, बल्ब गप्प.

माझ्या पोटात गोळा आला. मी बल्बच्या टोपीचं बूड बघतोय तर आजी म्हणते, "अरे बाळा, हे आधी जिभेने ओलं करायचे, मग लावायचे. मला पण द्यायचे धरायला."

बुडाच्या टाक्यावर काळपट थर जमला होता! मी रबराने घासला आणि आजीचा मान म्हणून जीभही लावली. या वेळी फट् आवाज आला आणि क्षणभर अख्खा सोपा पांढरा, कोनाडे, खुंट्या, सगळं. काचेवरचं लॅकर फुगून बारीक तडे गेलेले. नातू बल्ब काढायला गेला तर आजी हात वर करून ओरडली, "थांब, गरम असतो तो!" आणि मी तोवर रोल पुढे सरकवून दुसरा बल्ब सोबत नेलेल्या दुसऱ्या गनमध्ये लावूनच ठेवला होता, तसाच दाबला.

रात्री दुकानात रोल धुतला. तारेवर ओली पट्टी टांगून भिंग लावलं. दुसऱ्या बल्बच्या फ्रेममध्ये आजीचा वर केलेला हात, पाचही बोटं धारदार, बांगडीवरची नक्षीसुद्धा मोजता येत होती.