आमची वाटचाल : परतवाड्यातली रोलरवाली लेथ

वडिलांनी लेथ बसवली तेव्हा मुर्तिजापूरहून येणारी शकुंतला, आमची छोटी रेल्वे, वाफेवर धावायची. पुढं डिझेल आलं, मग गाडीच थांबली. २०२० च्या लॉकडाउनात अचलपूरची फिनले कापड मिल थांबली. टपरीवरच्या गप्पा याच दोन गोष्टींवर येतात. म्हातारे मिलचा भोंगा आठवतात, पोरं पुण्याचं तिकीट काढतात, मधल्या वयाचे म्हणतात, अचलपूर जिल्हा झाला की बघा! जिल्हा झाला तर कलेक्टर कचेरी येईल. लेथ कोण चालवणार?

आमचं पोट रेच्यांवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांवर. डबल रोलर रेच्याच्या रोलरसाठी क्रोम चामड्याच्या चकत्या शाफ्टवर ओवायच्या, दाबून आवळायच्या, लेथवर सरळ करायच्या, मग तिरक्या चरी. एक चकती ढिली राहिली तरी सरकी फुटते, रुईत सरकीचे तुकडे येतात, व्यापारी भाव पाडतो. कॅलिपर असूनही मी चर नखानंच तपासतो.

आम्हाला बुडवायला निघाले ते मागच्या गल्लीतले एक गृहस्थ. नाव घेत नाही. जास्त पगारावर आमचा टर्नर फोडला. रोलर उधारीवर, आणि चामडं पातळ! दोन हंगामांत अर्धी गिऱ्हाइकं तिकडं. मोठी लेथ विकायला काढली, तर भंगाराच्या भावानं मागणी. तेव्हा अंजनगावचे जिनिंगवाले काका स्वतः आले, पुढल्या हंगामाच्या सगळ्या रोलरचे पैसे टेबलावर ठेवले. "लेथ इकू नको बावा, माह्या रेच्याले दुसऱ्याचा रोलर मानवत नाही."

त्या गृहस्थांचे रोलर ऐन आवकीत उकलले. गिऱ्हाइकं परतली, टर्नर नाही. भेटला की नमस्कार करतो. मी मान वळवतो. वळवणारच.

मधली वर्षं बरी गेली.

आता अमरावतीजवळ नांदगाव पेठेला पीएम मित्र हे कापड उद्योगाचं पार्क २०२३ मध्ये जाहीर झालं. गावात कुणी हसतं, कुणी अर्ज लिहून ठेवलाय. माझं मत : आपला कापूस गाठी बांधून बाहेर जातो, सूत इथं निघालं तरच रेच्यांना बारमाही काम. पोरांनो, नुसती आयटीआय करून थांबू नका, लेथवर हात बसवा. आणि जिनिंगवाल्यांनो, रोलर पावसाळ्यातच पाठवा. दसऱ्यानंतर फोन केलात तर काकांचे आधी होतील, मग तुमचे.