काठावरचा पांढरा पट्टा

काम दिव्याच्या भांड्याचं होतं. तोंडाचा व्यास २८ सेंटिमीटर, दगड अलाबास्टर, म्हणजे उजेड झिरपू देणारा, तोही जिप्सम या मऊ खनिजाचा. कॅल्साइटचा दगडही याच नावाने विकला जातो, पण तो नखाला दाद देत नाही आणि आम्लाचा थेंब पडला की फसफसतो. हा नखाने सहज ओरखडत होता.

ठोकळ्यावर आधीच पाणी ओतून सुकू दिलं होतं. चीर असली की तिथे ओल रेंगाळते आणि काळी रेघ उरते. मग टॉर्च टेकवून पाहिला. बाहेरून मळकट पांढरा दिसणारा दगड आतून मधाच्या रंगाचा निघाला. तांबूस, नारिंगी छटा लोहाच्या ऑक्साइडची असते, तिचा टाकीला (दगड कोरायच्या छिन्नीला) सहसा त्रास नाही. करड्या शिरा मात्र मातीच्या, तिथे दगड पापुद्र्यासारखा सुटतो. अशी एक शीर नेमकी काठाजवळ येत होती. ठोकळा उलटा केला आणि ती बुडाखालच्या टाकून द्यायच्या भागात घेतली.

त्या दिवशी भांड्याच्या भिंतीची जाडी १२ मिलिमीटरवर आली होती. काठाची बाहेरची बाजू साफ करायची घाई झाली आणि मी ग्राइंडरला सँडिंग डिस्क लावून ती कोरडीच एका जागी दाबून धरली. बोटभर लांबीचा पांढरा पट्टा उमटला. भुकटी असेल म्हणून पुसला, जाईना. पाणी लावल्यावर आजूबाजूचा दगड खुलला, पट्टा खडूसारखाच राहिला.

अलाबास्टर पांढरा पडायची दोन कारणं. टाकी उभी धरून मारली की आतले स्फटिक चिरडतात, पण तो मार ठिपक्यासारखा, घाव बसला तिथेच दिसतो. हा पट्टा डिस्कच्या वाटेने गेलेला, कडा विरत गेलेल्या. म्हणजे उष्णता. जिप्समच्या वजनात जवळजवळ २१ टक्के पाणी स्फटिकात बांधलेलं असतं. ते सुटलं की उजेड आरपार जात नाही, आणि वरून पाणी पाजून रंग परत येत नाही. (इटलीत वोल्तेर्राकडे हाच दगड पाण्यात ठेवून उकळीच्या जवळ तापवतात आणि मुद्दाम संगमरवरासारखा करतात. तिथली कारागिरी, आमचा डाग.)

कानस बाजूला ठेवून सपाट पोलादी पट्टीने खरवडायला घेतलं. एक मिलिमीटर गेला तरी पट्टा होताच. दोन मिलिमीटरच्या आसपास मूळ रंग आला. आता तेवढीच जागा १० मिलिमीटर ठेवून भागत नाही. दिवा लागला की पातळ जागा उजळते आणि खड्डा बाहेर न दिसताही आतून ओरडतो. आत एलईडी बल्ब ठेवून अख्खा काठ गोल फिरवत एकसारखा उजळेपर्यंत उतरवला. दुपार त्यातच गेली.

पुढे वॉटर पेपर (ओला घासायचा पॉलिश पेपर), खरखरीतपासून बारीक: २२०, ४००, ६००, १०००. पाणी बेताचं, कारण जिप्सम लिटरला सुमारे दोन ग्रॅम विरघळतो आणि भिजत ठेवला की झळाळी उतरते. प्रत्येक कागदानंतर पुसून, पूर्ण वाळवून पुढचा. मेण गारच चोळलं, हीटगन लांब ठेवली. तारेचा, तापणारा बल्ब बसवू नये, ही सूचना भांड्याबरोबर लिहून दिली.

शेवटी दिवा लावला तेव्हा बुडाशी टाकीचा एक जुना मार चांदणीसारखा चमकला. तिथे बैठक येते, म्हणून तो तसाच ठेवला.